पुढारीपण मागावें काय?

पुढारीपण मागून घ्यावें, कीं लोकांनीं आणून दिलें तरच स्वीकारावें, हा प्रश्न आमच्या समाजांत जुना आहे. ज्यानें तोंडानें मागितलें तो हलका, आणि ज्यानें 'नको, नको' म्हणत पत्करलें तो थोर, असा आम्हां मध्यमवर्गीयांचा एक ठाम समज होऊन बसला आहे. मतें मागत दारोदार हिंडणें हें सभ्य मनुष्याचें काम नव्हे, असें म्हणणारे गृहस्थ प्रत्येक आळींत सांपडतील. हा समज कितपत खरा आहे हें पाहावयाचें तर दिल्लीच्या राजकारणाकडे न जातां एखादें साधें उदाहरण घेणें बरें. आगगाडीचें इंजिन चालविणारा एक मनुष्य आपल्या संघटनेचा अध्यक्ष होऊं इच्छितो, आणि सोबत्यांपुढें उभा राहून 'मला मत द्या' असें म्हणतो. नीतीच्या दृष्टीनें त्याचें हें करणें काय योग्यतेचें?

परभणी जिल्ह्यांत तरी हें उदाहरण परकें वाटूं नये. पूर्णा हें रेल्वेवर वाढलेलें गांव. हैदराबादहून मनमाडाकडे जाणारा मीटरगेजचा रस्ता विसाव्या शतकाच्या आरंभीं या मुलखांतून गेला. पुढें पूर्णेहून हिंगोलीकडे आणि परभणीहून परळीकडे त्यास फांटे फुटले. १९३० सालीं निजाम सरकारनें ही रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यांत घेतली. १९५१ मध्यें ती मध्य रेल्वेंत गेली, १९६६ मध्यें दक्षिण मध्य रेल्वेंत आली, आणि २००३ पासून नांदेड विभाग वेगळा झाला. धनी बदलले, रूळ रुंद झाले, कोळशाचें इंजिन गेलें, ड्रायव्हरास लोको पायलट म्हणूं लागले. परंतु अपरात्रीं उठून कामावर जाणाराचे प्रश्न तेच राहिले: विश्रांति किती, घरीं परत केव्हां, आणि चूक झाली तर जाब कोणास. या प्रश्नांसाठींच संघटना लागते, आणि संघटनेस पुढारी लागतो.

या मुलखांत पुढारीपण मागण्याची सोयच फार दिवस नव्हती. पाटीलकी, देशमुखी हीं वतनें होतीं. तीं जन्मानें मिळत. त्यांच्यावर निजामाचें राज्य. तेंही १९४८ पर्यंत प्रजेस जबाबदार नव्हतें. जेथें सत्ता जन्मानें किंवा मर्जीनें मिळते, तेथें ती कोणापाशीं मागावी लागत नाहीं, आणि म्हणूनच तिचा हिशेबही कोणास द्यावा लागत नाहीं. मागणारा मनुष्य मात्र समोरच्याचा 'नाहीं' म्हणण्याचा हक्क आधींच मान्य करीत असतो. मत मागण्यांतील ही नम्रता टीकाकारांच्या ध्यानांत येत नाहीं. उलट आग्रहास्तव पद पत्करणारा गृहस्थ पहिल्या दिवसापासून उपकारकर्ता ठरतो. आणि उपकारकर्त्यास जाब कोणी विचारावयाचा? सज्जनांनीं सत्ता कां पत्करावी, याचें कारण प्लेटोनें असें दिलें आहे कीं, न पत्करल्यास आपल्याहून हीन मनुष्याच्या हुकमतींत राहण्याची शिक्षा भोगावी लागते. या विचारांत तथ्य आहे. पण सज्जन कोण हें कोणीं ठरवावयाचें, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. मतपेटी तो प्रश्न निदान सर्वांस विचारते.

येथें दुसरा आक्षेप येतो. कामगार चळवळींतील मोठीं माणसें बहुधा बाहेरून आलेलीं होतीं. १९२० सालीं मुंबईस ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन करण्यांत ज्यांचा वांटा मोठा, ते ना. म. जोशी गिरणींत काम करणारे नव्हते. रेल्वे कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनचें पुढारीपण व्ही. व्ही. गिरी, जयप्रकाश नारायण, आणि १९७३ पासून जॉर्ज फर्नांडिस यांनीं केलें. यांपैकीं कोणींही इंजिनावर पाय ठेवून पोट भरलेलें नव्हतें. बाहेरच्या मनुष्यास नोकरी जाण्याचें भय नसतें, हा त्याचा मोठा गुण. १९२६ च्या कायद्यानें संघटनेचे निम्मे पदाधिकारी तरी त्या धंद्यांतील असावेत असें ठरविलें. २००१ मध्यें बाहेरच्यांची मर्यादा आणखी आवळून एकतृतीयांश किंवा पांच, यांपैकीं कमी असेल तेवढी केली. या बदलामागचें तत्त्व आम्हांस योग्य वाटतें. पुढारी आज मत मागतो. उद्यां तोच मनुष्य सोबत्यांपाशीं त्यांच्या पोटाची भाकरी मागणार असतो. १९७४ च्या मे महिन्यांत रेल्वेचा देशव्यापी संप सुमारें वीस दिवस चालला. हजारों लोक तुरुंगांत गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, क्वार्टरांतून कुटुंबें बाहेर काढण्यांत आलीं, आणि अखेर संप बिनशर्त मागें घ्यावा लागला. त्यांतील पुढाऱ्यांनींही तुरुंग भोगला, हें खरें. तथापि ज्या घरांत चूल विझली त्या घराचा मालक मतदार होता. त्याच्यापाशीं मत मागणारानें या दिवसाचा विचार अगोदर केलेला असला पाहिजे.

आतां प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊं. मागणें दोषास्पद नसेल, तर दोष कोठें शिरतो? आमच्या मतें, मागतांना जें लपविलें जातें त्यांत तो शिरतो. ड्रायव्हरास पगाराखेरीज गाडी जितके मैल, आतां किलोमीटर, चालवावी त्या मानानें भत्ता मिळतो. अर्थात् अधिक धांव म्हणजे अधिक प्राप्ति. दुसऱ्या बाजूस, थकलेला मनुष्य सिग्नल चुकवितो, हें सर्वांस ठाऊक. १९७३ मध्यें इंजिनावरील लोकांनीं संप करून कामाचे तास दहांवर आणण्याचें आश्वासन सरकारकडून मिळविलें, तेव्हां त्यांचा स्वार्थ आणि प्रवाशांचें हित एकाच रुळावर होतें. परंतु नेहमींच तसें होत नाहीं. मुलीच्या लग्नाचें कर्ज फेडणाऱ्या ड्रायव्हरास विश्रांतीहून भत्ता गोड वाटतो, आणि यांत त्याचा अपराध नाहीं. अशा वेळीं 'भत्ता वाढवीन' एवढेंच सांगणारा उमेदवार निवडून येतो; 'भत्ता वाढवीन, पण झोपेच्या मोलानें नव्हे' असें सांगणाराचीं कांहीं मतें जातात. गाडींत झोपलेल्या हजार प्रवाशांस या निवडणुकींत मत नाहीं.

मत नसलेले आणखीही आहेत. १९३८ च्या फेब्रुवारींत मनमाड येथें, म्हणजे याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकास, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं रेल्वेंतील दलित कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रु होत, असें त्यांनीं तेथें बजाविलें. आणि पहिला शत्रु मालकाच्या दिवाणखान्यांतच नव्हे, तर कामगारांच्या स्वतःच्या पंगतींतही बसलेला असतो, हें दाखवून दिलें. अस्पृश्य मनुष्य रूळ सांभाळणारा गँगमन होऊं शके. वरच्या जागा त्यास बंद असत. ड्रायव्हरांची संघटना ही ड्रायव्हरांचीच. तथापि ज्या रुळावर त्यांची गाडी धांवते तो ठोकणारा मनुष्य तिच्या मतदारयादींत नसतो, म्हणून तो विचारांतूनही वगळावा काय?

कोणी म्हणेल, वकील आपल्या अशिलाचेंच पाहतो, तसें पुढाऱ्यानेंही आपल्या मतदारांचेंच पाहावें. दुसऱ्यांचें पाहण्यास दुसरे आहेत. ही उपमा अर्धीच लागू पडते. वकिलासमोर प्रतिपक्षाचा वकील असतो आणि वर न्यायाधीश असतो. गाडी थांबविण्याची शक्ति ज्याच्या शब्दांत आहे, त्याच्यासमोर प्रवाशांचा वकील उभा नसतो. तें काम थोडेंबहुत त्यासच करावें लागतें. त्यानें मतदारांचें हित सोडावें असा याचा अर्थ नव्हे. दुसऱ्याच्या जिवावर मिळविलेला भत्ता टिकत नाहीं, हें त्यानें आपल्या लोकांस पटवावें, आणि मतें पडण्यापूर्वीं पटवावें.

यावरून उमेदवाराची कसोटी आम्हांस अशी दिसते: मत मागतांना, तें गमावण्याचा धोका पत्करून, त्यानें कोणतें सत्य सांगितलें? ज्यानें असें एकही सांगितलें नाहीं, तो फुलांचे हार घालून घेत नाखुषीनें आला असला तरी आमच्या लेखीं हलकाच. आणि ज्यानें सांगितलें, तो दहा दारांवर हात जोडून हिंडला असला तरी त्याच्या हातांस कमीपणा नाहीं. राहतां राहिला प्रश्न घरांत बसून नाक मुरडणाऱ्या सभ्य गृहस्थांचा. आपण मत मागत नाहीं याचा त्यांस अभिमान असतो. पण 'नाहीं' ऐकण्याची तयारी नसणें, यासच ते पुष्कळदां निःस्पृहता हें नांव देत असतात.