सुहृद कोणास म्हणावे?

सांप्रत घराघरांतून एक नवा प्रश्न ऐकू येतो. मुलगा, सून, कधी निवृत्त झालेले वडीलसुद्धा मोबाईलवर ज्याच्याशी रोज बोलतात, ज्याला आपला मित्र म्हणतात, त्याला त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिलेले नसते. घरची मंडळी हसून म्हणतात, "ज्याचा उंबरठा ओलांडला नाही, तो कसला मित्र?" हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. परंतु मैत्रीची पारख ती कोणत्या साधनाने जडली ह्यावरून करावयाची, की त्या माणसांच्या आचरणावरून, हे आधी ठरविले पाहिजे.

गीतेच्या सहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकात सुहृद आणि मित्र असे दोन शब्द वेगळे योजिले आहेत. आद्य शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात त्यांतील भेद स्पष्ट केला आहे. जो स्नेह बाळगतो तो मित्र. जो परतफेडीची अपेक्षा न ठेवता उपकार करतो तो सुहृद. ह्या व्याख्येत सहवासाची अट कोठेही नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ह्याचे उदाहरण कुंभकोणमच्या एका सुपुत्राच्या चरित्रात सापडते. एके काळी तंजावरच्या मराठा राज्यात मोडणारे हे कावेरीकाठचे क्षेत्र. तेथे शार्ङ्गपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर एक लहानसे घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन् ह्या घरात वाढले. गणितावाचून दुसऱ्या विषयांत लक्ष न लागल्यामुळे कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयातील त्यांची शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या बंदर कार्यालयात ते कारकून झाले. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिज येथील प्राध्यापक हार्डी ह्यांना पत्र लिहिले. उभयतांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते. पत्रासोबत सुमारे १२० सिद्धान्त होते. त्यापूर्वी केंब्रिजच्याच दोघा विद्वानांना अशी पत्रे गेली होती. त्यांच्याकडून काहीही साह्य झाले नाही.

हार्डींनाही प्रथम संशय आला की, ही कोणाची लबाडी तर नव्हे? परंतु संशय आला म्हणून त्यांनी पत्र टाकून दिले नाही. लिटलवुड ह्या आपल्या सहकाऱ्याला घेऊन ते ती पाने तपासावयास बसले आणि हा असामान्य बुद्धीचा पुरुष आहे, अशी दोघांची खात्री पटली. अपरिचिताविषयी संशय घेणे हा दोष नव्हे. आपल्या मुलाबाळांना सावधगिरी शिकविणे हे तर गृहस्थाचे कर्तव्यच आहे. पण न तपासता विश्वास ठेवणे आणि न तपासता झिडकारणे, हे दोन्ही एकाच आळसाचे प्रकार आहेत.

पुढे हार्डींनी जे केले, त्यात सुहृदाची लक्षणे दिसतात. त्यांनी केवळ स्तुती केली नाही. सिद्धता मागितल्या, जेथे चूक होती तेथे ती दाखविली. मद्रास विद्यापीठाने रामानुजन् ह्यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, तीस हार्डींच्या अभिप्रायाचे पाठबळ होते. मद्रासला निघालेल्या नेव्हिल ह्या सहकाऱ्यामार्फत त्यांनी रामानुजन् ह्यांचे मन वळविले. १९१४ साली ते विलायतेस पोहोचले. एक ईश्वराचे अस्तित्व न मानणारा, दुसरा नामगिरी देवीचा निस्सीम भक्त. तरी त्यांचा स्नेह तुटला नाही. १९१७ पासून रामानुजन् आजारी पडले, तेव्हा हार्डी रुग्णालयात त्यांना भेटावयास जात. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, त्यामागेही हार्डींचीच खटपट होती. १९१९ मध्ये रामानुजन् स्वदेशी परतले आणि ही मैत्री पुन्हा पत्रांवर आली. जानेवारी १९२० मध्ये, देह खंगलेला असताना, त्यांनी आपला नवा शोध हार्डींनाच कळविला. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९२७ मध्ये त्यांचे निबंध ग्रंथरूपाने निघाले. संपादकांत हार्डी होते. ज्याच्याकडून आता एक ओळही यावयाची नव्हती, त्याच्यासाठी केलेले हे काम होते.

तथापि ह्या कथेची दुसरी बाजूही आहे. रामानुजन् ह्यांनी पूर्वी कोणते ग्रंथ वाचले होते, त्यांचे विचार कसे घडले, हे विचारावयाचे राहून गेले, अशी खंत हार्डींनी पुढे व्यक्त केली. विलायतेच्या वास्तव्यात जवळजवळ रोज भेट होत असे. तरी प्रश्न विचारला गेला नाही. हजारो मैलांवरून एका पत्राने जे साधले, ते समोरासमोर बसूनही एका बाबतीत साधले नाही. म्हणजे दूर असणे हे मैत्रीला बाधक नाही आणि जवळ असणे हे तिला पुरेसे नाही.

म्हणून, वाचकहो, घरातील कोणी न पाहिलेल्या मित्राविषयी बोलू लागला, तर त्याची थट्टा करू नये. त्याला एवढेच विचारावे: त्याने तुझी चूक कधी दाखविली आहे काय? तुझ्या अडचणीत त्याने स्वतः काही झीज सोसली आहे काय? आणि तू त्याच्यासाठी सोसली आहेस काय? ज्या ओळखीत केवळ वाहवाची देवाणघेवाण आहे, ती शेजारच्या घरातली असली तरी पोकळच. उत्तर होकारार्थी असेल, तर त्या मित्राला घरी बोलवावे, त्याच्या घरच्यांची विचारपूस करावी, आजारात जाता येत असेल तर जावे.

आणि हेच प्रश्न आपण स्वतःलाही विचारावेत. सुहृद कोठे मिळेल, ह्याचा शोध मनुष्य जन्मभर करतो. आपण कोणाचे सुहृद आहोत, हे मात्र तो क्वचितच पाहतो. ज्या मित्राला विचारावयाचे काही राहिले आहे, त्याला ते आजच विचारावे.