खरे कोणाला सांगावे?

चूक झाली असेल तर ती कबूल करावी, ही शिकवण ख्रिस्ती घरातील मुलाला अक्षरओळखीच्याही आधी मिळते. अशा घरातील तरुणाला एखाद्या रात्री पोलीस ठाण्यात बोलावणे येते आणि वकील फोनवरून सांगतो, "मी येईपर्यंत काही बोलू नका." घरच्यांना हा सल्ला कायद्याचा वाटत नाही, लबाडीचा वाटतो. मुलगा निर्दोष असेल तर त्याने गप्प का राहावे? आणि दोषी असेल तर लपवावे का? हा पेच क्षुल्लक नाही. फौजदारी वकील आपल्या पक्षकाराला ज्या व्यावहारिक सूचना देतो, त्या साऱ्यांच्या मुळाशी हाच नैतिक प्रश्न आहे. सत्याचे ऋण आपण मानतो. पण ते कोणाचे, आणि कोणत्या ठिकाणी फेडायचे?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका'त आरोपीच्या कर्तव्याचा स्वतंत्र विचार केला आहे. न्यायाधीश कायद्याच्या मर्यादेत राहून विचारत असेल, तर आरोपी सत्य सांगण्यास बांधलेला आहे. ती मर्यादा ओलांडून विचारले जात असेल, तर उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. मात्र खोटे बोलण्याची मुभा ते कोणत्याही प्रसंगी देत नाहीत. सत्य न उघडणे वेगळे आणि असत्य उभे करणे वेगळे.

आता ही फूटपट्टी आपल्या देशाच्या कायद्याला लावून पाहावी. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. हे संरक्षण केवळ न्यायालयात नव्हे, तर पोलिसांच्या चौकशीतही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली नंदिनी सत्पथी खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे स्वतःला गोवणारे उत्तर मागण्याचा अधिकार कायद्यानेच चौकशी करणाऱ्याला दिलेला नाही. मग थॉमस यांच्याच कसोटीने तिथले मौन पाप कसे ठरेल? चर्चची आजची भूमिकाही याहून निराळी नाही. गुन्हा असलेल्या पापाची क्षमा देताना 'आधी पोलिसांच्या स्वाधीन हो' अशी अट पश्चात्तापी माणसाला घालता येत नाही, असे व्हॅटिकनच्या अपोस्टोलिक पेनिटेन्शियरीने २०१९ सालच्या टिपणात सांगितले. आणि कारण म्हणून स्वतःला उघडे पाडण्यास कोणी बांधलेला नाही, या जुन्या तत्त्वाचाच आधार घेतला. हक्क सांगणे म्हणजे उद्धटपणा, असेही समजण्याचे कारण नाही. संत पौलाने फटके बसण्यापूर्वीच आपल्या रोमन नागरिकत्वाची आठवण करून दिली होती, आणि पुढे कैसराकडे दादही मागितली होती.

पोलिसांपुढील कबुलीबद्दल कायदा स्वतःच साशंक आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या कायद्यातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. कोठडीत माणूस कशापोटी बोलतो, हे कायदा करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. मात्र त्या माहितीवरून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर तेवढा भाग सिद्ध करता येतो. म्हणून 'पोलिसांना सांगितलेले चालतच नाही' या भरवशावर बोलत सुटणेही घातकच. ज्याला खरोखर कबुली द्यायची आहे त्याच्यासाठी कायद्याने दंडाधिकाऱ्याचा दरवाजा ठेवला आहे. तेथे कबुली देणे तुमच्यावर बंधनकारक नाही आणि दिल्यास ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकेल, हे आधी समजावून सांगावे लागते. त्या दरवाजापर्यंत जाण्यापूर्वी वकिलाशी बोलावे, इतकेच.

अटकेच्या वेळच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्यांत नैतिक गुंतागुंत नाही. अटकेचे कारण विचारावे. अटकेच्या मेमोवर घरच्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष असावी आणि नातलगांना कळवले जावे, हे १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून ठरलेले आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले गेले पाहिजे. कोऱ्या कागदावर सही करू नये. वकिलाची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. याची लाज वाटण्याचे काही कारण नाही.

खरी अडचण वकिलाच्या खोलीत सुरू होते. आपली माणसे पोलिसांपुढे नको तितके बोलतात आणि वकिलापुढे हातचे राखतात. व्हायला हवे ते नेमके उलटे. वकिलाला सारे सांगावे. विशेषतः आपल्या विरुद्ध जाणारे. ते त्याला पहिल्यांदा सरकारी पक्षाच्या साक्षीदाराच्या तोंडून कळले, तर त्याचे हात बांधले जातात. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास कायद्याने वकिलाला मनाई आहे, आणि त्याच्या कारकुनालाही. नात्यातल्या माणसांना असे संरक्षण सहसा नसते. मामाला, शेजाऱ्याला साक्षीला बोलावता येते. म्हणून वकील कधी कधी आईलाही बाहेर बसायला सांगतो आणि ती माउली दुखावते. त्या दुखावण्याने मुलाचे रक्षण होत असते. धर्मगुरूंच्या बाबतीतही फरक ध्यानात ठेवावा. पापनिवेदनाची मुद्रा चर्चच्या कायद्याने अभंग आहे. परंतु मिशन-बंगल्यात चहा घेताना फादरांना सांगितलेले तिच्या कक्षेत येत नाही, आणि वकिलासाठी पुरावा कायद्यात जसे स्पष्ट कलम आहे तसे धर्मगुरूसाठी नाही.

वकिलाच्या मौनालाही सीमा आहे. यापुढे करायच्या बेकायदा कामासाठी त्याचे साह्य मागितले, तर ते बोलणे संरक्षित राहत नाही. खोटा साक्षीदार उभा करा, मोबाइलमधले निरोप पुसून टाका, फिर्यादीच्या घरी चार वजनदार माणसे पाठवा, असल्या मागण्या घेऊन जाणाऱ्या आप्तांनी हे लक्षात घ्यावे. पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि साक्षीदाराला गाठण्याच्या प्रयत्नाने मिळालेला जामीन जातो. गावात 'समेट' म्हणून निघालेली मंडळी दुसऱ्या दिवशी धमकीच्या तक्रारीत सापडू शकतात.

गुन्हा केलेल्याने न्यायालयात 'गुन्हा कबूल नाही' म्हणावे काय? मला वाटते, म्हणावे. कारण त्या शब्दांचा अर्थ 'मी ते केले नाही' असा नसून 'सरकारने ते सिद्ध करावे' असा आहे. तो न्यायप्रक्रियेतला ठरलेला उच्चार आहे आणि ऐकणारे सारे तो तसाच घेतात. पुढे पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात तेव्हा परीक्षा अधिक कठीण असते. तेथे शपथ दिली जात नाही. उत्तर नाकारले किंवा खोटे दिले तरी कायदा शिक्षा करीत नाही. कायद्याने सोडले म्हणून सद्सद्विवेकाने सोडावे, असे नाही. 'मला काही सांगायचे नाही' हे उत्तर तेथे उपलब्ध आहे. श्रद्धावंताला रचलेली कहाणी सांगण्याची गरज उरत नाही.

मौनाचा हक्क एका ठिकाणी मात्र मला अपुरा वाटतो. आपल्या कृत्यासाठी दुसराच कोणी तुरुंगात बसलेला असेल, तर गप्प राहणे हे स्वतःचे रक्षण राहत नाही. ते त्या माणसाच्या आयुष्याचे दिवस खाणे होते. कायदा तेव्हाही बोलायला लावणार नाही. तरीही वकिलाच्या सल्ल्याने बोलण्याची वाट शोधलीच पाहिजे.

आणि ज्याचा बळी गेला, ज्याचे नुकसान झाले, त्याचे काय? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत, स्त्रिया व मुलांविरुद्धचे गुन्हे वगळून, आरोपीला स्वतःहून प्ली बार्गेनिंगचा अर्ज करता येतो. त्यात कबुली असते, पीडिताला भरपाई असते आणि शिक्षेत सवलतही मिळू शकते. २००६ पासून ही सोय आपल्याकडे आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आरोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत हा अर्ज द्यावा लागतो. वकिलाने विषय काढला नाही, तर पक्षकाराने काढावा.