कोरी आणि पुसलेली



आपल्या भेस्तान-उधन्यात आईबाप लूमच्या कारखान्यात राबले, पोरं आता कॉम्प्युटरकडे वळली. त्यांना विचारा, सगळ्यात छळणारी चूक कोणती? रोज होते ती नाही. कधी होते, कधी होत नाही, ती.

प्रोग्राममध्ये किंमत ठेवायच्या जागेला व्हेरिएबल म्हणतात. 1972 च्या सुमारास डेनिस रिची यांनी बनवलेल्या सी भाषेत, फंक्शनच्या आत अशी जागा केली आणि सुरुवातीची किंमत दिली नाही, तर तिथे शून्य असेलच असं नाही. आधीच्या कामाचं जे उरलं असेल, तेच असतं. पुसायला वेळ लागतो, म्हणून भाषा आपणहून पुसत नाही. मग आपोआप चालणारी टेस्ट आज पास, उद्या नापास; कोडचं अक्षरही बदललेलं नसतं. आणि चूक शोधायला एक ओळ घातली की कधी कधी चूकच गायब! पाहुणे आले की भांडणारं घर गोड बोलतं ना, तसं.

बरेच जण मग पुन्हा बटण दाबतात. पास झालं की काम पुढे. हे खोटं बोलणं आहे का? मला वाटतं, आहे. निकाल खरा असतो, पण दोनातला आवडता तेवढाच सांगितलेला असतो.

आता घरात या. बाप रातपाळीहून येतो, मुकादमाचं बोलणं डोक्यात. मुलगी म्हणते, "पप्पा, सहलीचे पैसे?" सोमवारी याच प्रश्नाला लाड झाले होते, आज ओरडा. बाप म्हणेल, माझं मन साफ आहे. असेलही. पण साफ असणं वेगळं, साफ केलेलं असणं वेगळं. दोष मुकादमाचा म्हणावा, तर उरलेलं त्याचं होतं. न पुसता वाचलं कोणी?

2002 साली व्हॅलग्राइंड नावाचं साधन आलं. ते अशा चुका पकडतं, प्रोग्राम मात्र कित्येक पट सावकाश चालतो. न भरलेली किंमत नुसती इकडून तिकडे नेली तर ते तक्रार करत नाही. तिच्यावरून निर्णय घेतला की ओळीचा नंबर सांगतं. मला हा न्याय पटतो. मुकादमाचं बोलणं मनात राहिलं, त्याला काही म्हणणं नाही. मुलीला "नाही" म्हटलं, ती ओळ दाखवायची.

आज जेवताना मुलांना विचारून बघा, माझं तोंड बघून कधी गप्प बसलात का? उत्तर लगेच येणार नाही. थांबा थोडं.

जय गुरुदेव 🙏