हात घातल्याशिवाय सही करायची नाही

उभा राहा. मागच्या बाकावरच्यांनीही ऐका. गांडूळखताच्या बेडवर पाळी तुमचीही होती.

गांडुळं उन्हानं मेली, असं वहीत लिहिलंस. यवतमाळचा मे काय यंदाच पहिल्यांदा तापला? पारा ४४-४५ वर जातो, हे इथल्या पोराला सांगावं लागतं का? सकाळी गोठ्यातून काढलेलं शेण तू तसंच बेडवर पसरलंस आणि दुपारी त्यात गांडुळं सोडलीस. ताजं शेण कुजायला लागलं की आतून तापतं, अमोनिया सुटतो. पंधरा-वीस दिवस पाणी मारत, वरखाली करत ते निववायचं असतं, हे फळ्यावर लिहून दिलं होतं. निवलं की नाही, हे आत हात घातल्यावरच कळतं. तू काडीनं टोचलंस आणि सही ठोकलीस. का, तर वास येतो!

शेतकऱ्याचा मुलगा ना रे तू? घरी बैल आहेत. त्यांचं शेण उकिरड्यावर उन्हात वाळतं, पावसात धुऊन जातं. पऱ्हाटी तुम्ही बांधावर जाळता. आणि बाप डीएपीच्या पोत्याला १३५० रुपये मोजतो. गांडूळखत आलं की डीएपी सुटलंच, असं मी म्हणणार नाही. पण दारातलं खत वाया घालवायला तुम्हाला लाज कशी वाटत नाही?

वर म्हणतोस, उरलेली कपाशीत सोडून देऊ. आयसेनिया फेटिडा जात आहे ती. शेणात, पालापाचोळ्यात जगते. काळ्या मातीत खोल बिळं करणारी गांडुळं निराळी. याच जिल्ह्यातल्या सुभाष शर्मांना नैसर्गिक शेतीसाठी २०२५ ची पद्मश्री जाहीर झाली, आणि तुला या दोन गांडुळांतला फरक सांगता येत नाही! डार्विननं गांडुळांवरचा पहिला निबंध १८३७ मध्ये वाचला, पुस्तक काढलं १८८१ मध्ये. तुला पंधरा दिवस धीर निघाला नाही.

आजपासून नवं शेण निववायला घे. बेड शेडखालीच, तीन फूट रुंद, वर ओलं गोणपाट. मूठ दाबली की थेंब-दोन थेंब पाणी सुटावं, धार नाही. मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती पाण्याची चारी काढ. मी स्वतः बघितल्याशिवाय एकही गांडूळ आत जाणार नाही.

सकाळी सातला गोठ्यावर ये, नखं कापून. हाताला कुठं कापलं असेल तर आधी मला दाखव. उघडी जखम घेऊन शेणात हात घालू देणार नाही.