आश्रिताचा सौदा होऊ शकतो काय?

संकटाच्या वेळी माणूस बलवानाशी करार करतो. त्यात लाज नाही. परंतु त्या करारासाठी आपल्या दारी आश्रयाला आलेल्याला बाहेर काढा, असे कोणी म्हटले तर? हा प्रश्न स्वीडनपुढे खरोखरच उभा राहिला होता.

१८१४ नंतर स्वीडनने कोणत्याही देशाशी युद्ध पुकारले नव्हते. लष्करी गटांपासून अलिप्त राहणे हेच त्याचे धोरण होते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले आणि हे धोरण कोसळले. १८ मे रोजी फिनलंड व स्वीडन यांनी नाटोकडे अर्ज केले. एका सभासदावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला, असा नाटोचा करार आहे. पण नव्या सभासदाला प्रत्येक जुन्या सभासदाची संमती लागते.

तुर्कस्तानने संमती अडविली. स्वीडन कुर्द दहशतवाद्यांना थारा देतो, ही त्याची तक्रार होती. ती सर्वस्वी निराधार होती असे नाही. पीकेके संघटनेने सशस्त्र लढ्यात माणसे मारली आणि स्वीडनही तिला दहशतवादीच मानत आला. पण कुर्द म्हणजे पीकेके नव्हे, आणि सरकारवर टीका करणारा प्रत्येक जण दहशतवादी नव्हे.

२८ जून २०२२ रोजी माद्रिद येथे समझोता झाला. तुर्कस्तानच्या मागण्यांचा त्वरेने विचार करण्याचे स्वीडनने मान्य केले. पुढे दहशतवादविरोधी कायदाही कडक केला. अनेक कुर्द निर्वासितांच्या मनात धास्ती बसली. आपले भवितव्य परक्यांच्या वाटाघाटीत ठरणार काय?

त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने, तुर्कस्तानला हव्या असलेल्या एका पत्रकाराला त्याच्या हवाली करण्यास नकार दिला. त्याच्यावरील काही आरोप राजकीय स्वरूपाचे आहेत आणि मायदेशी त्याचा छळ होण्याचा धोका आहे, हे न्यायालयाने पाहिले. सरकारला घाई होती. न्यायालयाने कायदा पाहिला. तरीही ७ मार्च २०२४ रोजी स्वीडन नाटोचा सभासद झालाच.

यातून काय घ्यावे? तटस्थता हाच सद्गुण नव्हे. आक्रमकापुढे ती कधी डोळेझाकही ठरते. म्हणून स्वीडनने सोबती शोधले, यात दोष नाही. परंतु सुरक्षिततेची किंमत स्वतःच्या खिशातून द्यावी. आपला पैसा द्यावा, आपले सैनिक द्यावेत. दुबळ्याचा जीव हे आपले नाणे नव्हे. ज्याला मत नाही, सत्ता नाही, त्याच्यासाठी कायदा किती ठाम उभा राहतो, यावरच राष्ट्राची नीती ओळखावी.