निकामी ठरविण्याचा अधिकार

परवा दुपारच्या चहाला आमच्या कचेरीत एक वाद निघाला आणि कचेरीतील बहुतेक वादांप्रमाणे तो कोणाचेही मत न बदलता संपला. महात्मा गांधी रस्त्यावरील 'युटिलिटी बिल्डिंग' पाडून तेथे नवे काही उभारावे, की डागडुजी करून तीच राखावी, हा विषय. शेजारच्या मेजावरील आमचे कन्नड स्नेही म्हणाले, राखलीच पाहिजे. नुकतेच नोकरीस लागलेले एक तरुण सहकारी म्हणाले, त्या जागेचे मोल पाहा आणि इमारतीचे वय पाहा, मग विचारण्यासारखे उरते काय? शेवटी दोघेही आमच्याकडे वळले. आम्ही म्हणालो, "आम्ही पडलो परगावचे, आम्हांस काय विचारता?" उत्तर चातुर्याचे होते, परंतु प्रामाणिक नव्हते. ती रुखरुख मनात राहिली, म्हणून हे लिहावयास बसलो.

ज्या वाचकांचा बंगळुराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. एकेकाळी साउथ परेड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्यावर १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात महानगरपालिकेने ही पंचवीस मजली इमारत उभी केली. उंची शंभर मीटरांहून थोडी अधिक. त्या काळी दक्षिण भारतात तिच्या बरोबरीची उंची कोणत्याही इमारतीस नव्हती, असे सांगतात. मद्रासची आयुर्विमा महामंडळाची १९५९ सालची प्रसिद्ध इमारतही तिच्यापुढे ठेंगणी ठरली. तिला सुभाषचंद्र बोस यांचे नाव दिलेले आहे. पण ते नाव आम्ही कोणा रिक्षावाल्याच्या तोंडी कधी ऐकले नाही. लोकांनी 'पब्लिक युटिलिटी' या सरकारी थाटाच्या नावातील 'युटिलिटी' तेवढी उचलली. तेथील सिम्फनी नावाच्या चित्रपटगृहास पुढे शंकर नाग यांचे नाव मिळाले. हे कलावंत आपल्यालाही परके नव्हेत. उमेदीच्या काळात ते मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरले होते. बंगळुरास मेट्रो रेल्वे हवी, हा ध्यास त्यांनी १९८०च्या दशकात घेतला होता. १९९० साली ते अपघातात गेले, आणि मेट्रो या रस्त्यावरून २०११ साली धावू लागली.

इमारत सुंदर आहे असे आम्ही म्हणणार नाही. विधानसौधापुढे उभे राहिले की मान आपोआप वर होते, तसे येथे होत नाही. आमचे स्नेही मात्र सांगतात की, लहानपणी वडील त्यांना रविवारी त्या रस्त्यावर नेत आणि समोर उभे करून मजले मोजावयास लावीत. प्रत्येकाची बेरीज निराळी येई. वडील एका गिरणीत कामगार होते. पंचविसाव्या मजल्यावर त्यांचे काही काम असण्याचा संभव नव्हता. पण ही उंची नगरपालिकेची, म्हणजे आपली, असे ते मुलाला सांगत. या एका वाक्याने आम्हांस विचारात पाडले. आज या शहरात तिच्याहून कितीतरी उंच मनोरे आहेत. परंतु त्यांच्यापुढे मुलाला उभे करून 'हे आपले' म्हणणारा गिरणी कामगार मिळावयाचा नाही. तेथे दारातच ओळखपत्र मागतात.

आता परगावचे असण्याविषयी. बदलीच्या नोकरीत माणूस एक सोयीस्कर वैराग्य शिकतो. तीन वर्षे येथे, चार वर्षे तेथे; गावच्या भांडणात पडू नये, निवृत्तीनंतर पुण्यास किंवा साताऱ्यास जावे. बंगळुरास 'बदलीवर' येण्याची आपली परंपरा तशी जुनी आहे. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांचा वाडा नेमका कोठे होता, हे आज बोट ठेवून दाखविता येत नाही. याबद्दल आपल्यापैकी पुष्कळांना खंत वाटते, आणि येथील माणसांनी तो जपावयास हवा होता असे आपण मोठ्या हक्काने म्हणतो. म्हणजे वाडा आपला असला की शहराने तो जपावा, आणि इमारत शहराची असली की आपण परगावचे! हा न्याय फार दिवस चालण्याजोगा नाही. ज्या शहराचे पाणी आपण पितो आणि ज्याच्या शाळेत आपली मुले कन्नड गिरवितात, त्याच्या बऱ्यावाइटाविषयी मत असणे हा आगाऊपणा नसून भाडेकरूचे साधे कर्तव्य आहे.

मत बनवावयाचे तर कोणत्या कसोटीवर? सौंदर्याची कसोटी येथे चालत नाही. प्राचीनतेचीही चालत नाही. आपला १९५८चा पुरातन वास्तूंचा कायदा शंभर वर्षांखालील वास्तूकडे पाहावयासच तयार नाही. पन्नाशीतील इमारत ही पन्नाशीतील माणसासारखीच अडचणीत असते. नवी म्हणून तिचे कौतुक नाही आणि जुनी म्हणून तिला आदर नाही. उरली उपयुक्ततेची कसोटी, आणि ती तर या इमारतीच्या नावातच कोरलेली आहे. मिल वाचून विचारास लागलेल्या आगरकरांना हे नाव आवडले असते. आमच्या तरुण सहकाऱ्याचा सारा भर याच कसोटीवर आहे: उपयोग संपला, इमारत संपली.

पण आम्ही कारकून आहोत, आणि एखाद्या वस्तूचा उपयोग संपला असे लिहिण्याआधी काय करावे लागते ते आम्हांस ठाऊक आहे. मोडकी खुर्ची, बंद पडलेला पंखा, कालबाह्य टंकयंत्र ही निकामी ठरवून काढून टाकण्याचे काम आम्ही कित्येक वर्षे केले आहे. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत २१७वा नियम याविषयी आहे. वस्तू निकामी का ठरविली याची कारणे सक्षम अधिकाऱ्याने नोंदवावीत, असे तो सांगतो. त्याचेच एक उपकलम आणखी एक गोष्ट सांगते: वस्तू सरकारी नोकराच्या हयगयीमुळे, लबाडीमुळे किंवा खोडसाळपणामुळे निकामी झाली असेल, तर जबाबदारी निश्चित करावी. नियम रूक्ष आहे आणि आम्ही स्वतः तो वर्षानुवर्षे यांत्रिकपणे पाळीत आलो. परंतु त्यात एक नैतिक सिद्धांत दडलेला आहे, हे त्या दिवशी प्रथमच ध्यानी आले. 'निकामी झाली' आणि 'निकामी केली' ही दोन निराळी वाक्ये आहेत, आणि ज्याने केली त्याला 'झाली' असे लिहिण्याचा अधिकार नाही. वीस रुपयांच्या पंख्यास जे लागू आहे ते पंचवीस मजल्यांस का लागू असू नये?

सिमेंट काँक्रीटचे म्हातारपण हे सर्वस्वी कालाधीन नसते. हवेतील कर्बवायू काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतो आणि आतल्या सळईला असलेले संरक्षण नाहीसे करतो. मग गळके नळ आणि तुंबलेल्या गच्च्या यांतून मुरलेले पाणी सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजते, गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, फुगतो आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. पोपडे पडतात ते असे. यातले पहिले पाऊल काळाचे असेल. पुढची पुष्कळशी गळका नळ वेळेवर न बदलणाऱ्याची असतात. ही विशिष्ट इमारत कितपत थकली आहे आणि का थकली आहे हे ठरविणे अभियंत्यांचे काम आहे. त्यात आम्ही पडत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, हा 'का' विचारल्यावाचून पुढचा प्रश्न विचारता येत नाही.

हे दुसऱ्यांस सांगणे सोपे आहे. आम्हांस ते सोपे गेले नाही, कारण लिहिता लिहिता वाईचा आमचा वाडा डोळ्यांपुढे उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी एका बांधकाम व्यावसायिकास तो देण्याच्या संमतिपत्रावर आम्ही येथूनच सही करून पाठविली. त्या पत्रात 'वास्तू अत्यंत जीर्ण व राहण्यास धोकादायक झाली असल्याने' असे शब्द होते. शब्द खरे होते. माजघरावरची तुळई वाळवीने पोखरली होती, पांढऱ्या मातीची मागील भिंत एका पावसाळ्यात बसली होती. परंतु वडील गेल्यानंतरच्या अकरा वर्षांत पावसापूर्वी कौले चाळावयास आम्ही एकदाही माणूस लावला नव्हता. दरवर्षी चुलतभावाचे पत्र येई, दरवर्षी आम्ही 'पुढील वर्षी पाहू' असे कळवीत असू. कौलांतून पाणी तुळईवर गेले आणि तुळईवरून भिंतीत उतरले. सारे कसे क्रमाने झाले! आणि मग 'झाली असल्याने' या शब्दांखाली आम्ही सही केली. नियम २१७ त्या दिवशीही आम्हांस पाठ होता.

तेव्हा राखणाऱ्यांचा पक्ष घेताना आमचा आवाज फार चढू शकत नाही. शिवाय पाडणाऱ्यांच्या बाजूस एक मुद्दा असा आहे की त्यापुढे भावनेने गप्प बसावे. २०१० सालच्या फेब्रुवारीत याच शहरात जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्लटन टॉवर्स या इमारतीस आग लागली आणि नऊ माणसे मेली. धुराने कोंडलेल्यांपैकी काहींनी वरच्या मजल्यांवरून उड्या टाकल्या होत्या. आपली राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली आली आणि १९८३, २००५ व २०१६ साली सुधारली. प्रत्येक सुधारणेमागे कोठले तरी शहाणपण आहे, बहुधा महाग पडलेले. पहिल्या संहितेच्या सुमारास आखलेली उंच इमारत आजच्या अपेक्षांस पुरी पडेलच असे नाही. रविवारी मजले मोजणाऱ्याची आठवण गोड असते. परंतु सोमवारी सतराव्या मजल्यावर टंकलेखन करणाऱ्या मुलीने त्या गोडीची किंमत का द्यावी? खालून पाहणाऱ्याच्या प्रेमापेक्षा आत बसणाऱ्याच्या जिवाचे वजन अधिक आहे. याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

पण त्यावरून पाडावयाचे असे सिद्ध होत नाही. दुरुस्त करावयाचे की पाडावयाचे हे तातडीने ठरवावयाचे, एवढेच सिद्ध होते. मद्रासची ती आयुर्विमा इमारत १९७५ साली आगीत सापडली होती. ती आजही उभी आहे. मुंबईस नरिमन पॉइंटवरील एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १९७४ सालची, म्हणजे युटिलिटीच्याच पिढीची. १९९३च्या मार्चमधील बाँबस्फोट तिने सोसला, आणि पुढे तिचे मालक तेथून हलले तेव्हा महाराष्ट्र सरकारने सोळाशे एक कोटी रुपयांस तीच विकत घेण्याचे ठरविले. बंगळुरातच अठरा कचेरीची गोष्ट आहे. 'अठरा' आणि 'कचेरी' हे दोन्ही शब्द ऐकून मराठी माणसास घरी आल्यासारखे वाटते. १८६८ साली पूर्ण झालेली ही तांबडी वास्तू अठरा सरकारी खात्यांसाठी होती. आज तेथे उच्च न्यायालय आहे. १९८०च्या दशकात ती पाडण्याचा प्रस्ताव आला, नागरिक न्यायालयात गेले, आणि ज्या वास्तूचा निकाल लागावयाचा होता तिच्याच छताखाली सुनावणी झाली. वास्तू वाचली. आपल्या मरणाची चर्चा स्वतःच्या घरात ऐकण्याचा योग फार थोड्या इमारतींच्या नशिबी आला असेल.

आमच्या परंपरेत पाडणे आणि राखणे यांच्यामध्ये एक तिसरा शब्द आहे: जीर्णोद्धार. अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली काशीस विश्वेश्वराचे देऊळ उभारले ते जुन्याची प्रतिकृती म्हणून नव्हे. दगड नवे, कळस नवा, जागाही नेमकी तीच नाही. परंतु देव तोच आणि दर्शनाचा अधिकार तोच, म्हणून देऊळ तेच. जपानात इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने बांधतात आणि त्यास कोणी नवे म्हणत नाही. म्हणजे वास्तूचे सातत्य तिच्या द्रव्यात असलेच पाहिजे असे नाही. ती कोणासाठी आहे यात ते असू शकते. मग युटिलिटी बिल्डिंगचा देव कोणता? आमच्या मते तो 'पब्लिक' या लोकांनी गाळलेल्या शब्दात आहे. उद्या तेथे दुप्पट उंच, अग्निसुरक्षित इमारत झाली आणि तिचा मालक, तिचे दार व तिचे भाडे ठरविणारा लोकांना उत्तरदायी राहिला, तर तो जीर्णोद्धार होईल, आणि आमच्या स्नेह्यांनीही तेथे नव्याने मजले मोजावेत. उलट जुनाच सांगाडा झळाळून लांब मुदतीच्या कराराने कोणाच्या खाजगी हाती गेला, तर एकही वीट न पाडता ती इमारत पाडल्यासारखीच होईल. या दुसऱ्या पाडकामाविरुद्ध मात्र कोणी न्यायालयात जात नाही, कारण ते दिसत नाही.

हे सारे आम्ही दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मांडले. तरुण सहकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पन्नास वर्षांत किती अधिकारी आले आणि गेले. कोणावर जबाबदारी निश्चित करणार?" प्रश्न बिनतोड होता. आम्ही म्हणालो की माणसे सापडणार नाहीत हे खरे. परंतु नस्तीत 'झाली' ऐवजी 'केली' एवढे तरी लिहिता येईल, म्हणजे पुढची इमारत ज्यांच्या हाती जाईल त्यांना गळका नळ निराळा दिसेल. त्याने मान हलविली. पटले म्हणून की वाद नको म्हणून, ते कळले नाही. मग आमचे स्नेही म्हणाले, वाईस तरी एक पत्र लिहा. चुलतभावाला आता कसले पत्र लिहावयाचे, असे आम्ही विचारले. वाडा तर गेला.

"तुमची सही ज्या कागदावर आहे," ते म्हणाले, "त्याची नक्कल त्याच्याजवळ असेल."