साबुदाण्याएवढा दाणा

बसा. खुर्ची पुढे ओढून घ्या. काचपट्टी मायक्रोस्कोपवर ठेवायची घाई नको, आधी नुसती उजेडाकडे धरा. गुलाबी-जांभळा ठिपका, साबुदाण्याएवढा. ऑपरेशन भलत्याच कारणासाठी होतं. पोट उघडल्यावर हा सर्जनना दिसला, म्हणून काढून पाठवला.

आता डावा तळहात स्वतःच्या पोटावर ठेवा. कातडी, चरबी, स्नायू, आणि त्यांच्या आत अस्तर, पेरिटोनियम. पसरलं तर जवळजवळ अंगावरच्या कातडीएवढं भरेल. वरचा थर मात्र जेमतेम एका पेशीचा. आतडी त्यावरून दिवसभर सरकतात, आपल्याला पत्ताही नसतो. हा दाणा त्या थरातूनच उगवलाय.

काचपट्टी ठेवा. लहान भिंगच लावा. तुरे दिसतील, मधे दांडा, भोवती पेशींची एकेरी रांग. पेशी बुटक्या, एकसारख्या. विभागत असलेली एखादी सापडते का? नाही? आणखी शोधा.

मग तुऱ्याच्या मुळाशी या आणि थांबा. पेशी खालच्या चरबीत उतरल्यात का? काप तिरका गेला असेल तरी उतरल्यासारख्या दिसतात. इथे भलेभले फसतात. शिवाय घातक मेसोथेलिओमाचा, म्हणजे याच थराच्या कर्करोगाचा, वरचा पापुद्राही असाच साळसूद असू शकतो. तुकडा चिमुकला असेल तर शब्दही बेतानेच वापरावा.

बॅप-वन या प्रथिनाचा डाग बघा. केंद्रकं तपकिरी आहेत, म्हणजे ते प्रथिन शाबूत आहे. बऱ्याच घातक मेसोथेलिओमांत ते हरवतं. सगळ्यांत नाही, म्हणून हायसं वाटलं तरी थोडंच वाटू द्या. कडेच्या लिम्फोसाइटही तपासा. त्याच तपकिरी नसतील तर डागच बिघडलाय.

हा दाणा ज्या तुरेदार गाठीचा वाटतोय, तिच्या नावातच पूर्वी ‘मेसोथेलिओमा’ होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणाने तिथे ‘मेसोथेलिअल ट्यूमर’ आणलं. मला तो बदल फार आवडला. रिपोर्ट पेशंटही वाचतो, आणि बहुधा रात्री एकटाच.

आता सर्जनना फोन लावा. विचारा, असे दाणे आणखी होते का, की हा एकच? ते आठवतायत. आठवू द्या. तोवर लहान भिंगातून मुळाशी पुन्हा एकदा बघा.